लघवीची तक्रार एकीकडे, गाठ दुसरीकडे

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस होते. संक्रांत होऊन दोन दिवस झालेले, पहाटेची थंडी चांगलीच बोचत होती. रात्री अडीच वाजता अप्पांच्या थोरल्याचा फोन आला. 'साहेब, अप्पांना दुपारपासून लघवीच झाली न्हाई. पोट दगडावानी झालंय, गडाबडा लोळायलेत.'

मी सोलापूरच्या पूर्व भागात जनरल प्रॅक्टिस करतो. अप्पा माझे जुने पेशंट. वय 67. तरुणपणी गिरणीत जॉबर होते, गिरणी बंद पडल्यावर पॉवरलूमवर टॉवेल विणले, आता मुलं कारखाना बघतात. त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि 'अप्पा' म्हणून हाक मारली तर आमच्या बोळात निम्मे लोक वळून बघतील.

त्या रात्री पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा. दोन दिवस सर्दी होती, म्हणून मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणून दिवसाला तीन घेतल्या होत्या. लघवी तुंबायला तेवढं पुरे झालं. या गोळ्यांमधलं नाक मोकळं करणारं औषध मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळून धरतं, आणि झोप आणणारं दुसरं औषध मूत्राशयाचा जोर कमी करतं. ज्याची प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली पुरुषांची ग्रंथी, आधीच वाढलेली आहे, त्याचं दार बंदच होतं. जवळच्या दवाखान्यात कॅथेटर घातला तेव्हा नळीतून 900 मिलिलिटर लघवी आली. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिथेच झोपी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दवाखान्यात रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि त्यांत पीएसए ही एक होती, प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या शंकेने करतात ती. दुपारी रिपोर्ट मुलाच्या मोबाईलवर आला. आकडा 31.4, शेजारी ठळक अक्षरांत 'वाढलेलं', आणि खाली 4 पर्यंत नॉर्मल अशी ओळ. मुलाने मोबाईलवर जे वाचायचं ते वाचलं. संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा चूल पेटलेली नव्हती. अप्पांच्या बायकोने एकच विचारलं, 'बार्शीला न्यायचं का आता?'

आमच्या जिल्ह्यात बार्शी हे नाव या अर्थानेही घेतलं जातं. तिथे नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि 1987 मध्ये ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी तिथेच सुरू झाली. पण माणसं नोंदणीसाठी बार्शीचं नाव घेत नाहीत. ती भीतीने घेतात.

31.4 हा आकडा काय सांगतो

मी त्यांना म्हणालो, हा कागद बाजूला ठेवा. यावरून आज काहीही ठरत नाही.

पीएसए हे प्रथिन प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात. चांगल्या पेशीही करतात आणि कॅन्सरच्याही. ते वीर्यात उतरावं हे त्याचं काम, रक्तात थोडंच झिरपतं. ग्रंथीला कुठल्याही कारणाने इजा झाली, सूज आली, जंतू शिरले की झिरपणं वाढतं. लघवी तुंबणं, कॅथेटर घालणं, मूत्रमार्गाचा संसर्ग, आदल्या एकदोन दिवसांतला वीर्यस्राव, लांबवर सायकल चालवणं, एवढ्यानेही आकडा चढतो. अप्पांच्या बाबतीत यांतल्या तीन गोष्टी एका रात्रीत झाल्या होत्या, कारण लघवीच्या कल्चरमध्ये ई-कोलाय जंतूही निघाले. अशा वेळी पीएसए काढणं म्हणजे लूम चालू असताना शेजारच्या खोलीतली कुजबुज ऐकायला जाणं.

योग्य रीत अशी, की संसर्गावर पूर्ण उपचार करायचे, नळी काढायची, साधारण सहा ते आठ आठवडे थांबायचं आणि मग तीच तपासणी पुन्हा करायची. तसंच केलं. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल करणारी टॅमसुलोसिन ही गोळी सुरू करून चौथ्या दिवशी नळी काढली, लघवी होऊ लागली. घरातली रडारड थांबली.

कॅथेटरच्या रात्रीचा आकडा मी मानला नाही, हे बरोबरच होतं. पण त्या रात्री घरी येऊन मी अप्पांचे जुने केसपेपर काढले, आणि झोप लागली नाही.

मागची दोन वर्षं

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली नोंद: 'वारंवार लघवी, थोडी जळजळ.' सोलापूरच्या उन्हाळ्यात हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकतो. पारा 43 वर, लूमशेडमध्ये त्याहून जास्त, पाणी कमी पोटात जातं, लघवी पिवळी होते, जळते. घरातले म्हणतात उन्हाळी लागलीय, सब्जा प्या, धने-जिऱ्याचं पाणी प्या. बहुतेकांना खरोखर तेवढंच झालेलं असतं. मीही तेच धरून चाललो.

पाऊस पडला तरी तक्रार गेली नाही. साखर तपासली, वाढलेली निघाली. मधुमेहानेही लघवीला सारखं जावं लागतं, तेव्हा मला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. साखर आटोक्यात आली, तरी अप्पा रात्रीत चार वेळा उठतच होते. 'धार पायावर पडते, साहेब. सुरू व्हायला टाइम लागतो. झालं म्हणून वळलो की आणि थेंब पडतात.' सोनोग्राफी केली. प्रोस्टेट 62 ग्रॅम. साधारण प्रौढ माणसाची 20 ते 25 ग्रॅमची असते, अक्रोडाएवढी. मी म्हणालो, वयाने वाढलीय, आणि टॅमसुलोसिन दिलं. उठून उभं राहिलं की चक्कर येते म्हणून ते त्यांनी महिन्याभरात सोडलं. मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एवढ्या नोंदींत एक ओळ कुठेच नव्हती. गुदमार्गातून बोट घालून प्रोस्टेट चाचपण्याची.

का केली नाही? कारणं मला माहीत आहेत. दवाखाना दहा बाय बाराचा, तपासणीच्या टेबलापुढे पडदा, पडद्यापलीकडे बाकावर बायका बसलेल्या. संध्याकाळी तीसेक पेशंट. अप्पा वयाने माझ्या वडिलांएवढे, त्यांना संकोच वाटेल असं मी गृहीत धरलं. खरा संकोच माझा होता. आणि 'वयाने वाढलीय' हे निदान खरंच होतं, म्हणून पुढे बघायची गरज वाटली नाही. अर्धं निदान बरोबर निघालं की डॉक्टर तिथेच थांबतो. माझं तसं झालं.

एका ग्रंथीत दोन गोष्टी

इथे ग्रंथीची रचना समजून घ्यावी लागेल, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी, गुदमार्गाच्या पुढे असते आणि तिच्या मधोमध मूत्रनलिका जाते. पेरूच्या मधून नळी गेलीय असं डोळ्यांसमोर आणा. वयानुसार होणारी साधी वाढ बहुतेक करून नळीच्या भोवती, म्हणजे पेरूच्या बियांच्या जागी होते. तिथे थोडीही वाढ झाली की नळी दाबली जाते: धार बारीक होते, रात्री उठावं लागतं, थेंब थेंब गळतं. कॅन्सर मात्र दहापैकी साधारण सात वेळा सालीकडच्या गरात, गुदमार्गाच्या बाजूला सुरू होतो. तो नळीपासून लांब असतो. वाटाण्याएवढा झाला तरी माणसाला काही जाणवत नाही.

म्हणून लघवीच्या तक्रारीवरून कॅन्सर ओळखता येत नाही, आणि तक्रार नाही म्हणून कॅन्सर नाही असंही म्हणता येत नाही. साध्या वाढीचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होतं ही समजूत तर चुकीचीच आहे. पण दोन्ही एकाच वयात, एकाच ग्रंथीत शेजारी शेजारी असू शकतात. अप्पांना माझ्याकडे आणलं ते साध्या वाढीने. तिने फक्त दार वाजवलं होतं.

कॅन्सरची स्वतःची लक्षणं उशिरा येतात: लघवीतून किंवा वीर्यातून रक्त, कंबर-पाठीच्या किंवा खुब्याच्या हाडात न थांबणारं दुखणं, रात्री वाढणारी कळ, वजन उतरणं. पाठदुखीच्या जोडीला पायांतली ताकद जाऊ लागली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मणक्यातली मज्जा दबते आहे असं समजून त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला न्यावं. तिथे तासांचा हिशेब असतो.

पेढे

मार्चमध्ये, सात आठवड्यांनी, पीएसए पुन्हा काढला. 9.6. थोरला पेढे घेऊन दवाखान्यात आला. 31 वरून 9 वर! त्याचा आनंद मला मोडवेना, पण मोडावा लागला.

4 ते 10 या पट्ट्यात पीएसए असलेल्यांची बायोप्सी केली तर साधारण चारातल्या एकात कॅन्सर सापडतो. म्हणजे तिघांत सापडत नाही, हेही तितकंच खरं. मोठ्या प्रोस्टेटमध्ये पीएसए मुळातच जास्त बनतं, म्हणून आकड्याला ग्रंथीच्या आकाराने भागून पाहतात. 9.6 भागिले 62 म्हणजे 0.155. सीमारेषा 0.15 ची मानतात. अप्पा अगदी उंबरठ्यावर होते. आणि 4 च्या आत असलं म्हणजे सुटलो असंही नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात 4 पर्यंत पीएसए असलेल्यांतही शंभरात पंधरा जणांना कॅन्सर निघाला होता.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी तपासली: गोळ्यांची पट्टी. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांत टॅमसुलोसिनच्या जोडीला ड्युटास्टेराइड असतं. फिनास्टेराइडही त्याच घरातलं. ही औषधं सहाएक महिने घेतली की पीएसए जवळजवळ निम्मं होतं. त्या पेशंटचा 3 म्हणजे खरा 6. लॅबच्या कागदावर हे लिहिलेलं नसतं, म्हणून पीएसए दाखवायला जाताना गोळ्यांची पट्टी सोबत न्यावीच. अप्पांच्या पट्टीत फक्त टॅमसुलोसिन होतं, त्यामुळे 9.6 हा 9.6 च होता.

मग मी कंपाउंडरला पेशंट थांबवायला सांगितलं, दार आतून लावलं आणि म्हणालो, 'अप्पा, डाव्या कुशीवर व्हा. गुडघे पोटाशी घ्या.'

मूठ आवळली की अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा येतो, साधी प्रोस्टेट बोटाला तशी लागते. गुळगुळीत, थोडी रबरासारखी. उजवी बाजू तशीच होती. डावीकडे वाटाण्याएवढा भाग वेगळा लागला, बोटाच्या पेरावरच्या हाडासारखा टणक. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नाही.

हात धुताना मी त्यांना सांगितलं की ही तपासणी मी आधीच करायला हवी होती. पायजम्याची नाडी बांधता बांधता ते म्हणाले, 'दोन वर्षांमागं करायची हुती की मग. मी काय न्हाई म्हनलो असतो का, साहेब?'

ते वाक्य मी विसरलेलो नाही.

भिवंडीची फाईल

यूरोलॉजिस्टला चिठ्ठी लिहिताना घरातल्या आजारांबद्दल पुन्हा विचारलं. 'प्रोस्टेटचा कुनाला न्हाई. दादा हाडाच्या कॅन्सरनं गेला, भिवंडीत.' सोलापूरची अनेक विणकर घरं भिवंडीशी बांधलेली आहेत. एक भाऊ इथे, एक तिथे. थोरल्या भावाचं हे मी आधीही ऐकलं होतं, केसपेपरवर लिहिलंही होतं. या वेळी पुतण्याला फोन करून जुनी फाईल शोधायला सांगितली. रात्री त्याने पानांचे फोटो पाठवले.

पीएसए शंभराच्या वर. कमरेच्या मणक्यांत आणि खुब्यात डाग. उपचार: दोन्ही वृषणं काढली.

हाडाचा कॅन्सर हाडातून सुरूच झाला नव्हता. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला की सर्वांत आधी बहुधा मणक्यात आणि कटीच्या हाडांत जातो. तो पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, आणि ते मुख्यतः वृषणांत बनतं. ते बंद केलं की कॅन्सर आखडतो हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं, त्याबद्दल त्यांना 1966 चं नोबेल मिळालं. त्या ऑपरेशनचा अर्थ दादांच्या घरात कोणी कोणाला सांगितला नाही. सांगण्यासारखी गोष्ट वाटली नसेल. 'हाडाचा' एवढंच बाहेर आलं, आणि पाच घरांत तेच राहिलं. पुतण्या म्हणाला, सात-आठ महिने पाठ दुखत होती, मालीश करत होतो. निदान झालं तेव्हा दादा 61 वर्षांचे होते.

माझ्या सर्व वाचकांना ही एक विनंती आहे: घरातला वयस्क पुरुष 'हाडाच्या' किंवा 'मणक्याच्या' कॅन्सरने गेला असेल, तर त्याची फाईल शोधा आणि सुरुवात कुठून झाली ते बघा. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. तो कमी वयात झाला असेल किंवा घरात एकाहून अधिकांना असेल तर त्याहून वाढतो. आई, बहीण, मावशी यांना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल तर तेही पुरुषांनी सांगावं, कारण बीआरसीए-2 या जनुकातला दोष दोन्हीकडे काम करतो. बाकी धोक्यांत वय सर्वांत मोठं. चाळिशीच्या आत हा आजार क्वचितच दिसतो, पन्नाशीनंतर वाढत जातो.

सुई

एमआरआय बायोप्सीच्या आधी केला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण गाठ कुठे आहे ते आधी दिसलं तर सुई नेमकी तिथे जाते. रिपोर्टमध्ये डाव्या बाजूला, सालीकडच्या भागात 13 मिलिमीटरचा डाग होता, पाय-रॅड्स 4. ही मोजपट्टी 1 ते 5 ची. 4 म्हणजे कॅन्सरची शक्यता बरीच, पण पक्कं नाही. पक्कं फक्त बायोप्सीने होतं.

आणि बायोप्सीपाशी घर अडलं. धाकटी सून, शेजारी, मिरजेचे व्याही, सगळ्यांचं एकच म्हणणं: सुई लावली की तो पसरतो. ही समजूत कुठून येते ते मला कळतं. आपल्याकडे बायोप्सी बऱ्याचदा उशिरा होते, आजार पुढे गेलेला असतो, आणि पुढच्या चार महिन्यांत जे घडतं त्याचं खापर सुईवर फुटतं. प्रोस्टेटच्या बायोप्सीने आजार पसरून रोगी दगावतो असं कुठे आढळलेलं नाही. दादांना तर सुई लागायच्या आधीच तो हाडांत होता, हे भिवंडीच्या फाईलने दाखवलं. शेवटी त्या फोटोंनीच घराला पटवलं, माझ्या बोलण्याने नव्हे.

खरी काळजी वेगळी होती. अप्पांना मधुमेह, नुकताच संसर्ग होऊन गेलेला. म्हणून आधी साखर नीट केली, लघवीचं कल्चर स्वच्छ येईपर्यंत थांबलो, आणि यूरोलॉजिस्टनी गुदमार्गाऐवजी वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून सुई घातली. त्यात जंतू आत जाण्याचा धोका कमी. लघवीत काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे रक्त दिसेल हे आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कोणी घाबरलं नाही.

14 तुकडे घेतले, 4 मध्ये कॅन्सर. ग्लीसन 3 अधिक 4, एकूण 7.

मुलाने विचारलं, 'दहापैकी सात? म्हणजे सत्तर टक्के पसरला?' हा गैरसमज जवळजवळ प्रत्येक घरात होतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मांडणी मूळ ग्रंथीपासून किती बिघडली आहे, त्याचे हे गुण असतात. किती पसरला याच्याशी त्यांचा संबंध नाही. सर्वांत जास्त दिसणाऱ्या मांडणीचा आकडा आधी, दुसरा नंतर. व्यवहारात ही मोजणी 6 पासूनच सुरू होते, म्हणून 7 म्हणजे मधला टप्पा. 3 अधिक 4 हे 4 अधिक 3 पेक्षा सौम्य, बेरीज तीच असली तरी. नव्या पद्धतीत त्याला 1 ते 5 पैकी दुसरा गट म्हणतात.

बोन स्कॅनही झाला, स्वच्छ आला. खरं सांगायचं तर या टप्प्यावर तो प्रत्येकाला लागत नाही. पण दादांच्या हाडांचे फोटो बघितलेल्या घराला 'गरज नाही' हे शब्द पुरले नसते. तो खर्च मला वाया गेलेला वाटत नाही.

उपचारांचं थोडक्यात सांगतो. ग्रंथीपुरत्या मर्यादित कॅन्सरमध्ये निर्णयाला काही आठवडे मिळतात, घाई नसते. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात अशा सोळाशेहून अधिक पुरुषांना देखरेख, ऑपरेशन किंवा रेडिएशन यांपैकी एक दिलं. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत मिळून शंभरात तिघांहून कमी जण या कॅन्सरने गेले. त्यामुळे नुसती देखरेख हा पर्यायही अप्पांपुढे ठेवला होता. पण लघवी पुन्हा तुंबायची भीती होती, आणि ऑपरेशनने दोन्ही प्रश्न एकदम सुटत होते. नंतर काही काळ लघवी गळणं आणि लैंगिक ताठरतेवर होणारा परिणाम, हे दोन्ही मी काकूंना समोर बसवून सांगितलं. त्या म्हणाल्या, 'आता त्येचं काय. माणूस राहू दे.' अप्पा काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी ते एकटे आले आणि तेच पुन्हा विचारलं, सविस्तर. असे प्रश्न एकट्याने विचारायला जागा ठेवायला हवी हेही मला तेव्हा उमगलं.

जूनमध्ये ऑपरेशन झालं.

सगळ्यांनीच पीएसए करावं का, असं तेव्हापासून बोळातले लोक विचारतात. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, प्रोस्टेटचा नाही. मी पन्नाशी ओलांडलेल्यांशी आधी बोलतो: आकडा वाढला तर पुढे काय काय करावं लागेल, त्याची तयारी आहे का. घरात कोणाला झाला असेल तर हेच बोलणं पंचेचाळिशीला. सत्तरी उलटलेल्या, काहीच तक्रार नसलेल्या माणसाला पॅकेजमध्ये आहे म्हणून ही तपासणी करायला मी सांगत नाही. त्या वयात अनेकदा असा कॅन्सर सापडतो ज्याने त्यांना कधीच त्रास दिला नसता.

पडद्याच्या जागी आता प्लायवुडची भिंत आणि कडी असलेलं दार आहे. श्रावणात अप्पांचा धाकटा भाऊ आला, वय 58, अक्कलकोट रोड एमआयडीसीत वायंडिंगच्या कामाला. लघवीची काही तक्रार नाही. हातात पीएसएचा रिपोर्ट, 2.1. तेवढा दाखवून तो उठायला लागला.

'बसा,' मी म्हणालो आणि कडी लावली.